पंचविशीतलं गणित

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. जगातल्या मोठमोठ्या अॅक्सलरेटरवर मात्र त्यांचं नाव रोज घेतलं जातं ते एका जुन्या हिशेबासाठी. तो हिशेब त्यांनी केला तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते.

डॉ. होमी भाभा कोण, असं कॉलेजच्या कट्ट्यावर विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक. बीएआरसीवाले भाभा. ‘रॉकेट बॉईज’मधले भाभा. विमान अपघातात गेले ते. आणि मग हळूच, तो म्हणे अपघात नव्हताच! नाशिककरांना तर हे नाव थेट कांद्यापाशी भेटतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे त्याला गॅमा किरणांचा डोस देतात. २००७ पासून अमेरिकेला जाणारे आंबेही तिथून जाऊ लागले.

पण हाच प्रश्न जपानमध्ये किंवा युरोपात पार्टिकल अॅक्सलरेटरवर काम करणाऱ्या एखाद्या पोराला विचारून बघा. त्याला आपल्या अणुभट्ट्यांबद्दल कदाचित काहीही माहीत नसेल. त्याच्या लेखी भाभा ही एक घटना आहे. मशीन सुरू असताना पुन्हा पुन्हा घडणारी, मोजायची घटना. आज किती भाभा झाले, हा तिथला रोजचा प्रश्न असतो. त्या मोजल्या नाहीत तर बीम नीट चाललाय की भरकटलाय, हेच कळत नाही.

एका माणसाचं नाव एखाद्या मोजमापाचं नाव कसं होतं? त्यासाठी त्या माणसाच्या कॉलेजच्या दिवसांत जावं लागेल.

इंजिनिअर व्हायला गेलेला मुलगा

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घर पारशी, सुखवस्तू. वडील जहांगीर भाभा वकील. आत्या मेहेरबाई म्हणजे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्या पत्नी. घरात पुस्तकांची लायब्ररी आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डचा ढीग. मुलगा चित्रंही उत्तम काढायचा. कॅथीड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करत १९२७ साली तो केंब्रिजला गेला. कॉलेज गॉनव्हिल अँड कीज, शाखा मेकॅनिकल इंजिनिअरिंग.

पुढचा प्लॅन घरच्यांनी आखून ठेवला होता. डिग्री घ्यायची, परत यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. नोकरी पक्की, घराणं पक्कं, आयुष्य सेट.

गोची अशी झाली की केंब्रिजला गेल्यावर होमीला फिजिक्सचं वेड लागलं. १९२८ मध्ये त्यानं वडिलांना पत्र लिहिलं. इंजिनिअरची नोकरी किंवा धंदा हा आपला पिंड नाही, आपल्याला फिजिक्सच करायचंय, हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मोठा साहेब होण्याची हौस आपल्याला नाही, हेही सांगितलं. असं पत्र लिहायची इच्छा आजही कितीतरी मुलांना होते. बरीचशी पत्रं लिहिलीच जात नाहीत.

वडिलांनी नकार दिला नाही, पण लगेच होकारही दिला नाही. त्यांनी सौदा केला. आधी मेकॅनिकलची ट्रायपॉस परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये काढ, मग हवं तर गणितासाठी तिथेच राहा, खर्च आम्ही करू. होमीनं १९३० मध्ये मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास काढला आणि १९३२ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्येही. सौदा दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

इंजिनिअरिंगची ती वर्षं वाया गेली असं मात्र नाही. पुढे संस्था आणि अणुभट्ट्या उभ्या करताना ड्रॉइंग वाचता येणारा, यंत्र कसं जुळतं हे समजणारा थिअरीवाला माणूस फार उपयोगी पडला.

१९३२ सालचं केंब्रिज

फिजिक्समध्ये यायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. १९३२ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविकनं न्यूट्रॉन शोधल्याचं जाहीर केलं. एप्रिलमध्ये त्याच प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी काही लाख व्होल्ट वापरून प्रोटॉनना वेग दिला, ते लिथियमवर आदळवले आणि त्याचं अणुकेंद्र फोडलं. माणसानं बनवलेल्या अॅक्सलरेटरच्या कणांनी अणुकेंद्र फोडण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसनला वैश्विक किरणांमध्ये एक विचित्र कण दिसला. वजन इलेक्ट्रॉनइतकंच, पण विद्युतभार उलटा, म्हणजे धन. हा पॉझिट्रॉन. असा कण असला पाहिजे हे गणितातून आधीच सांगणारे पॉल डिरॅक केंब्रिजमध्येच शिकवत होते.

म्हणजे एकाच वर्षात कणांना पळवायचं यंत्रही हाती आलं आणि प्रतिकणही दिसला. तीस वर्षांनी या दोन गोष्टी एकत्र येणार होत्या आणि त्यांना जोडायला होमीचा हिशेब लागणार होता. तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. होमीच्याही नाही.

तो वैश्विक किरणांवर काम करत होता. मध्ये काही काळ झुरिकला व्होल्फगांग पाउलींकडे जाऊन आला. १९३३ मध्ये पहिला शोधनिबंध छापून आला, १९३४ मध्ये आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप मिळाली, १९३५ मध्ये पीएच.डी. झाली. आणि त्याच वर्षी त्यानं तो हिशेब हातात घेतला.

आत एक जोडी, बाहेर एक जोडी

प्रश्न वाचायला सोपा आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल?

इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन आदळण्याचं गणित डेन्मार्कच्या ख्रिस्तियान मोलरनं १९३२ मध्ये सोडवलेलं होतं. पण पॉझिट्रॉनची भानगड वेगळी. इथे दोन गोष्टी घडू शकतात. एक, दोघं एकमेकांच्या विद्युतक्षेत्रामुळे वळतात आणि आपापल्या वाटेनं निघून जातात. दोन, दोघंही नष्ट होतात, त्यांची सगळी ऊर्जा क्षणभर एकत्र येते आणि त्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची नवी जोडी जन्माला येते. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला दोन्हींत फरक करता येत नाही. आत एक जोडी गेली, बाहेर एक जोडी आली. तीच का दुसरी, सांगता येणार नाही.

मग हिशेबात दुसरी शक्यता धरायची की नाही? होमीनं दाखवलं की धरायलाच हवी. आणि ती नंतर वरून मिळवून चालत नाही. दोन्ही शक्यता आधी एकत्र करायच्या, मगच उत्तर काढायचं. कारण त्या एकमेकींवर परिणाम करतात. अशी टक्कर झाल्यावर कण कुठल्या कोनात किती वेळा उडतील, याचं नेमकं सूत्र त्यानं दिलं. ऑक्टोबर १९३५ मध्ये निबंध रॉयल सोसायटीकडे गेला, १९३६ मध्ये छापून आला.

उपयोग काय? त्या वेळी, जवळपास शून्य. पॉझिट्रॉन मिळायचे ते वैश्विक किरणांतून किंवा किरणोत्सारी पदार्थांतून, मोजके. त्यांचा झोत करून कुणी समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या झोतावर सोडेल, ही कल्पनाच नव्हती. होमीनं निबंध लिहिला आणि तो पुढे सरकला. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यानं वैश्विक किरणांच्या सरींचं कोडं सोडवलं. वरून आलेला एकच जोरदार इलेक्ट्रॉन वातावरणात प्रकाशकण निर्माण करतो, त्यातून जोड्या, त्या जोड्यांमधून आणखी प्रकाशकण, असं करत खाली कणांचा पाऊस कसा पडतो, हे त्यांनी गणितानं दाखवलं. नाव झालं ते या कामामुळे. आधीचा टक्करींचा निबंध चांगल्या निबंधांपैकी एक म्हणून फायलीत गेला.

सुट्टीवर आले आणि राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी घरी आले. सप्टेंबरमध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. वय तिशीच्या उंबरठ्यावर, केंब्रिजमध्ये करिअर रंगात आलेलं, आणि अचानक सगळं थांबलं.

ते बंगळुरूला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. फिजिक्स विभागात सी. व्ही. रामन होते. टाटा ट्रस्टच्या मदतीनं भाभांनी वैश्विक किरणांवर संशोधन करणारा गट सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर परत जायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

पण तोवर त्यांचं मन बदललेलं होतं. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनाची उत्तम शाळा आपल्याकडे हवी, म्हणजे काही दशकांनी अणुऊर्जेतून वीज बनवायची वेळ येईल तेव्हा भारताला बाहेरून तज्ज्ञ मागवावे लागणार नाहीत, असा त्याचा सारांश. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा जवळपास दीड वर्ष बाकी होतं.

या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. १ जून १९४५ ला बंगळुरूत सुरुवात झाली आणि डिसेंबरमध्ये संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत. शेवटी कुलाब्याला समुद्राकाठी, जिथे ती आज आहे. त्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ मध्ये झालं. तिथे भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं भलंमोठं म्युरल आहे आणि बाहेर जपलेली झाडं. चित्रकार भाभा इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यात दिसतात.

अॅक्सलरेटरचं त्यांना पक्कं भान होतं. वैश्विक किरण फुकट मिळतात, पण आपल्याला हवे तेव्हा, हवे तितके, हवे तिथे येत नाहीत. त्यासाठी यंत्र हवं. कुलाब्याच्या जागेत कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन जातीचा दहा लाख व्होल्टचा अॅक्सलरेटर बसला. १९६० च्या दशकात तुर्भ्याला साडेपाच दशलक्ष व्होल्टचं व्हॅन डी ग्राफ यंत्र आलं. या यंत्रांवर शिकलेल्या पिढीनं पुढची मोठी यंत्रं चालवली. टीआयएफआरमधलं पेलेट्रॉन १९८८ मध्ये सुरू झालं, तेव्हा भाभांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

त्याची किंमत

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्राची सुरुवात. १९५५ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्षही तेच. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली.

या यादीत एक गोष्ट दिसत नाही. भाभांचं स्वतःचं संशोधन. १९५० चं दशक पुढे सरकलं तसं ते जवळजवळ थांबलं. वडिलांना पत्र लिहून, सौदा करून, दोन-दोन फर्स्ट क्लास काढून ज्या फिजिक्ससाठी राहिले, त्यासाठीच वेळ उरला नाही. फायली, बजेट, दिल्लीच्या फेऱ्या, परदेशी करार. हे त्यांनी नाइलाजानं केलं नाही, स्वतः निवडलं. पण निवडलेल्या गोष्टीचीही किंमत असतेच.

देशानंही एक किंमत मोजली, ती आपल्यासारख्या कॉलेजवाल्यांना जास्त कळेल. भाभांच्या काळात पैसा, उपकरणं आणि हुशार माणसं मोठ्या प्रमाणात अणुऊर्जा खात्याच्या संस्थांकडे गेली, विद्यापीठं मागे पडली. कोलकात्यात मेघनाद साहा विद्यापीठातच सायक्लोट्रॉन उभा करू पाहत होते. त्यांना ते काम पुरं व्हायला दशकाहून जास्त काळ झगडावं लागलं. संशोधन विद्यापीठांतच व्हायला हवं, हे साहांचं म्हणणं होतं. ही टीका आजही होते आणि तिच्यात तथ्य आहे. मुंबईबाहेरच्या कॉलेजमधल्या फिजिक्स लॅबमध्ये उभं राहिलं की ती नीट समजते.

२४ जानेवारी १९६६

त्या दिवशी एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे उतरत होतं. भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लालबहादूर शास्त्रींना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. भाभा ५६ वर्षांचे होते.

कटाच्या कथा तेव्हापासून फिरतायत, पुरावा मात्र कुणी दिलेला नाही. फ्रेंच चौकशीत जे निष्पन्न झालं ते साधं आणि म्हणून जास्त जिव्हारी लागणारं आहे. विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बंद होतं. शिखराच्या तुलनेत आपण नेमके कुठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. रडारवरच्या नियंत्रकाला ती चूक दिसली, त्यानं कळवलंही, पण त्या संदेशाचा अर्थ विमानात वेगळा घेतला गेला.

जिनिव्हातून निरभ्र दिवशी माँ ब्लाँ दिसतो. आणि जिनिव्हाच्या सीमेवरच सर्न आहे, युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा. भाभांच्या त्या जुन्या निबंधाची पुढची गोष्ट तिथेच घडली.

बीम सांभाळणं म्हणजे काय?

भाभा हयात असतानाच एक नवी कल्पना आली होती. इटलीत फ्रास्काटीला ब्रुनो टूशेक यांच्या गटानं १९६१ मध्ये ‘आडा’ नावाचं छोटंसं वर्तुळाकार यंत्र बनवलं. एकाच कड्यात इलेक्ट्रॉन एका दिशेनं फिरवायचे, पॉझिट्रॉन उलट्या दिशेनं, आणि समोरासमोर भिडवायचे. पुढच्या काही वर्षांत अशा टक्करी खरोखर होतात हे त्या यंत्रानं दाखवलं. मग अशी यंत्रं वाढत गेली. सर्वांत मोठं झालं ते सर्नचं ‘लेप’. जमिनीखाली २७ किलोमीटरचा बोगदा, १९८९ ते २००० इतका काळ चाललेलं यंत्र.

लेपमध्ये बीम म्हणजे कणांचे पुंजके. एकेका पुंजक्यात हजारो कोटी कण. पुंजका सेकंदाला अकरा हजारांहून जास्त फेऱ्या मारायचा. आता अडचणी बघा. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात. वळताना ते ऊर्जा सांडतात. नळीत जराशी हवा राहिली तरी तिच्यावर आपटून वाया जातात. काही कण किंचित पुढे पळतात, काही मागे रेंगाळतात.

यावर उपायही एकाहून एक आहेत. कणांना ऊर्जा देणारी रेडिओ लहरच अशी जुळवतात की मागे-पुढे झालेला कण आपोआप रांगेत येतो. ही युक्ती रशियात व्लादिमिर वेक्सलर यांनी १९४४ मध्ये आणि अमेरिकेत एडविन मॅकमिलन यांनी १९४५ मध्ये, एकमेकांना पत्ता नसताना शोधली. बाजूला पसरणाऱ्या बीमसाठी खास चुंबक लावतात. एक चुंबक बीमला आडवं दाबतो पण उभं पसरवतो, पुढचा उभं दाबतो पण आडवं पसरवतो. आलटून-पालटून लावले की एकूण बीम आवळलेला राहतो. शिवाय जागोजागी सेन्सर असतात. बीम मधोमध आहे का, हे ते बघतात आणि नसेल तर छोटे चुंबक त्याला परत जागेवर आणतात.

लेपवाल्यांना तर बाहेरच्या जगानंही छळलं. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही थोडी येते. २७ किलोमीटरचं ते कडं त्यानं साधारण एक मिलिमीटरनं लहानमोठं व्हायचं आणि बीमची ऊर्जा बदलायची. जिनिव्हाच्या सरोवरातलं पाणी वाढलं-घटलं तरी परिणाम दिसायचा. दिवसा अजून एक गडबड व्हायची, रात्री उशिरा थांबायची. ती जवळून जाणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांमुळे, असं शेवटी निघालं. रुळांतून झिरपणारा विद्युतप्रवाह यंत्राच्या नळीतून वाहत होता.

पर्जन्यमापक आणि भाभा

इतकं करून बीम स्थिर झाला, तरी खरा प्रश्न राहतोच. दोन बीम एकमेकांना नीट भिडतायत का? त्यांची उंची मायक्रॉनमध्ये, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. जरा वर-खाली झाले की एकमेकांच्या बाजूनं निघून जातील. आणि भिडले तरी टक्करी थोड्याच. कुंभमेळ्यात रामकुंडाकडच्या गल्लीत दोन टोकांनी गर्दी शिरते तेव्हा धक्का लागल्याशिवाय राहत नाही. इथे हजारो कोटी कणांचे दोन पुंजके एकमेकांतून आरपार जातात आणि बहुतेकांना धक्काही लागत नाही.

मग मोजायचं कसं? गंगापूर धरणावर पाऊस किती पडला हे कळायला कुणी थेंब मोजत बसत नाही. ज्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ पक्कं माहीत आहे असं एक भांडं ठेवायचं, त्यात किती पाणी साचलं ते बघायचं, की पावसाचा हिशेब लागतो. अॅक्सलरेटरमध्येही अशी एक टक्कर हवी, जी भरपूर होते, ओळखायला सोपी आहे आणि जिचं ‘तोंड’ किती मोठं हे गणितानं पक्कं ठाऊक आहे.

ती टक्कर म्हणजे भाभांनी १९३५ मध्ये सोडवलेली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आत, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन बाहेर. ‘भाभा स्कॅटरिंग’ हे तिचं जगभर चाललेलं नाव. अगदी लहान कोनात, नळीला चिकटून उडणारे हे कण भरपूर मिळतात आणि तिथे दुसऱ्या प्रक्रियांची फारशी ढवळाढवळ नसते. म्हणून लेपच्या प्रयोगांनी टक्करीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना नळीभोवती खास मोजणी यंत्रं बसवली होती. त्यात मोजलेले भाभा भागिले भाभांच्या सूत्रातून येणारा आकडा, की बीम किती जोरात भिडतायत ते कळलं. या मापाला ल्युमिनॉसिटी म्हणतात. अर्थात सूत्रावर पुढच्या पिढ्यांनी खूप काम केलं, बारीकसारीक दुरुस्त्या जोडल्या. पण पाया तोच.

लेपवर चार मोठे प्रयोग होते. त्यातल्या एल-३ नावाच्या प्रयोगात टीआयएफआरचे शास्त्रज्ञ सहभागी होते. भाभांनी उभारलेल्या संस्थेची माणसं, भाभांच्या नावाच्या टक्करी मोजणाऱ्या प्रयोगात.

राहून गेलेला फरक

या मोजणीवर काय अवलंबून होतं, त्याचं एक उदाहरण. लेपनं झेड नावाच्या जड कणाचा अभ्यास करून विश्वात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हे काढलं. आपल्याला तीन माहीत आहेत. चौथा लपलेला असता तर लेपला कळलं असतं. उत्तर आलं २.९८४, चूक-भूल ०.००८. म्हणजे तीनच. पण नेमके तीन नाहीत, जरासे कमी. हा फरक फार मोठा नव्हता, पण दुर्लक्ष करण्याइतका छोटाही नव्हता. काहीतरी नवीन फिजिक्स दडलंय का, अशी शंका वर्षानुवर्षं राहिली.

लेप २००० मध्ये बंद झालं, उचकटलं गेलं, त्याच बोगद्यात दुसरं यंत्र बसलं. आणि मग २०१९-२० मध्ये काही शास्त्रज्ञांनी जुना हिशेब पुन्हा तपासला. चूक सापडली ती भाभा मोजण्यात. टक्कर होऊन बाहेर पडणारा कण समोरच्या पुंजक्याच्या विद्युत-चुंबकीय ओढीनं किंचित आत वळत होता. त्यामुळे काही भाभा मोजणी यंत्राला चुकवून नळीतूनच निघून जात होते. फरक हजारात एकाच्या आसपास. बीमचा जोर तेवढा कमी मोजला गेला होता. ही दुरुस्ती केली, भाभा टक्करींचा नवा, जास्त अचूक हिशेब घेतला आणि आकडा आला २.९९६, चूक-भूल ०.००७. शंका मिटली. नवीन फिजिक्स नव्हतं, मापात खोट होती.

आजचं चित्र तर आणखी मजेशीर आहे. जपानमध्ये त्सुकुबाला सुपरकेईकेबी नावाचं यंत्र आहे. तिथे २०१८ पासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भिडतायत आणि तिथल्या बेल-२ प्रयोगातही टीआयएफआर आहे. तिथले बीम इतके बारीक आवळलेले असतात की जमिनीच्या बारीक थरथरीनंही ते एकमेकांना हुकू शकतात. म्हणून नळीजवळ हिऱ्याचे सेन्सर बसवून भाभा टक्करींचाच एक प्रकार सतत मोजला जातो. आपण मोबाईलला रेंज मिळावी म्हणून गच्चीत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करतो, तसं तिथे एक बीम मुद्दाम किंचित हलवून बघतात. मोजणी ज्या बाजूला वाढते तिकडे बीम सरकवायचा, हा फीडबॅक. म्हणजे भाभांचा हिशेब आता बीम मोजतोच, शिवाय त्याला जागेवर धरूनही ठेवतो.

भाभांनी हे काहीच पाहिलं नाही. आपलं नाव तुर्भ्याच्या भट्ट्यांमुळे राहील, असं त्यांना वाटलं असेल तर ते चूकही नव्हतं. जानेवारी १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. ते नाव सरकारनं दिलं. टक्करीला पडलेलं नाव मात्र कुणी ठराव करून दिलेलं नाही. ते वापरातून पडलं, कारण दर वेळी मोजायला बसलं की तो निबंध लागायचाच.

एम.एस्सी.ला थिअरी घेतली की घरून, नातेवाइकांकडून, कधीकधी मित्रांकडूनही एक प्रश्न हमखास येतो. याचा उपयोग काय? १९३५ मध्ये भाभांना कुणी हे विचारलं असतं तर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे फक्त एक नीट विचारलेला प्रश्न होता आणि तो पूर्ण सोडवायची चिकाटी. उत्तर मिळायला तीसेक वर्षं लागली, आणि ते अजून संपलेलं नाही. सर्नच्या पुढच्या मोठ्या यंत्राचे जे आराखडे चालू आहेत, त्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचाच पर्याय आधी आहे. तिथे ल्युमिनॉसिटी दहा हजारात एक इतक्या अचूकतेनं मोजायची आहे. त्यासाठी भाभा टक्करींचं गणित आजच्याहून कितीतरी बारकाईनं करावं लागेल. ते काम अजून बाकी आहे आणि ते करणारी पोरं आज कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकत असतील.